तुळसीच्या गाठी

मधुमिता जाळी घ्यायला कुंभकोणमला गेली तेव्हा सकाळचे दहा वाजत होते. पंगुनी महिन्याचं, म्हणजे फाल्गुन-चैत्रातलं, ऊन तेवढ्यातच रस्त्यावर उतरलं होतं. दोरखंड, ताडपत्र्या, बादल्या दारातच टांगून ठेवलेल्या एका दुकानात ती शिरली आणि तमिळमध्ये म्हणाली, "खुराड्यावर घालायला जाळी हवी. नायलॉनची."

"मुंगसासाठी की घारीसाठी?" दुकानदारानं विचारलं. "मुंगसाला बारीक घरांची लागते, घारीला मोठी चालते."

"घारीसाठी," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर घारीनं तिचं एकही पिल्लू नेलेलं नव्हतं. खुराड्यावर आधीच एक जाळं होतं, आणि त्यातून घारच काय, चिमणीसुद्धा आत गेली नसती. मधुमिताला नको होतं ते जाळंच. कारण ते तुळसीनं विणलं होतं.

तुळसी म्हणजे मधुमिताच्या नवऱ्याची, वेंकटेशची, पहिली बायको. तिला जाऊन अडीच वर्षं झाली होती. चार दिवसांच्या तापात गेली. मूलबाळ नव्हतं, बारा वर्षांच्या संसारात तिनं जीव लावला तो नवऱ्याला आणि परसातल्या कोंबड्यांना. तिचं लहानपण नागपट्टणमच्या किनाऱ्यावर गेलं होतं. शेजारच्या कोळणींकडून ती जाळं विणायला शिकली होती. वेंकटेशचं कुंभकोणमला शिवणकामाचं दुकान. तिथल्या कापडाच्या चिंध्या, साड्यांचे कापलेले काठ ती घरी आणायची, त्यांच्या दोऱ्या वळायची आणि त्यांचं जाळं विणायची. प्रत्येक घराला एक गाठ. गाठीचं टोक आत वळवून असं लपवायची की सुरुवात कुठली नि शेवट कुठला ते कळू नये.

मधुमिता तिरुनागेश्वरमची, तिथल्या मराठी घरातली. बापाच्या आजारपणात तिचं लग्नाचं वय उलटून गेलं होतं. चौतिसाव्या वर्षी वेंकटेशचं स्थळ आलं, तेव्हा बिजवर म्हणून नाक मुरडावं असं तिला वाटलं नाही. माणूस शांत होता, विठ्ठलाच्या भजनात रमणारा होता. लग्नाच्या दिवशी मोठ्या नणंदेनं, गोदाक्कानं, तिच्या गळ्यात चांदीची एक लहानशी पुतळी घातली. "ही तुळसीची," गोदाक्का म्हणाली. "सवतपुतळी म्हणतात. सण असेल तेव्हा आधी हिला हळदकुंकू, मग तुला. मोठीचा मान ठेवलास तर ती तुला सांभाळील."

मधुमितानं मान हलवली. पण ती पुतळी छातीला टेकली की तिला वाटायचं, आपल्या आणि नवऱ्याच्या मध्ये कुणीतरी बसलंय.

वेंकटेशचं इन्नंबूरचं घर गावाच्या टोकाला होतं. मागे परस, परसात विहीर, विहिरीपलीकडे खुराडं आणि त्यापुढे नुसती शेतं. रोज सकाळी वेंकटेश कॉफीचा पितळी टंबलर घेऊन मागच्या दारानं बाहेर जायचा आणि त्या जाळ्याखाली उभा राहायचा. मान वर करून. एकेका गाठीवर बोट ठेवत जायचा. कॉफी निवून जायची. मधुमिता स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. अकरा महिन्यांत त्यानं तिच्याकडे असं एकदाही बघितलं नव्हतं.

कोंबड्याही तशाच. तिन्हीसांजेला ती दाणे घेऊन "ती, ती, ती" करून बोलवायची. एकही कोंबडी हलायची नाही. मग थोड्या वेळानं सगळ्याजणी एकदम माना वळवायच्या, विहिरीच्या बाजूला बघायच्या, आणि कुणी हाक मारल्यासारख्या ओळीनं खुराड्यात जायच्या. शेवटची आत गेली की मधुमितानं नुसती कडी घालायची.

एके दिवशी तिनं वेंकटेशला म्हटलं, "ते जाळं आता जुनं झालं. नवी जाळी आणू या."

"राहू दे," तो म्हणाला. बाकी काही नाही. पण चेहरा असा झाला की तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग तिनं एक गोष्ट केली. जाळ्याला भोक पडलं, घारीनं एखादं पिल्लू नेलं, तर तो आपण होऊनच म्हणेल, नवी आण. तो दुकानात गेल्यावर तिनं कात्री घेतली आणि कोपऱ्यातली पाच-सहा घरं कापून टाकली. मनाला लागलं, खाली पिवळी पिल्लं चिवचिवत होती. तरी कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोक नव्हतं. तिथं गाठी होत्या. टोक आत वळवलेल्या.

मधुमिताच्या मनात आधी भीती आलीच नाही. आला तो राग. म्हणजे यालाही ती गाठ येते! दोघं जवळ बसून शिकली असतील, बोटांवर बोटं ठेवून...

"जाळं तुम्ही सांधलंत?" तिनं विचारलं.

वेंकटेशनं टंबलर खाली ठेवला. "कुठं?"

"कोपऱ्यात. फाटलं होतं."

"मला ती गाठ येत नाही, मधु," तो हळूच म्हणाला. "तिनं शिकवली होती... पण जमली नाही."

तिला ते खोटं वाटलं. पुढच्या आठवड्यात तिनं हातभर मोठं भोक पाडलं. तेही सांधलं गेलं, आणि या वेळी सांधलेली दोरी जुन्या, विटलेल्या चिंध्यांची नव्हती. पोपटी रेशमाची होती, कोरी, चकचकीत. ती दोरी तिनं ओळखली. कपाट उघडून लग्नातला शालू बाहेर काढला. घडी जशीच्या तशी होती. पण आतल्या बाजूचा काठ बोटभर रुंद, सरळ रेषेत कापून नेलेला होता. शिंप्याच्या हातानं कापावा तसा.

त्या दिवशी तिनं गळ्यातली पुतळी काढली आणि मिठाच्या बरणीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून ती बाजारात गेली. आणखीही एक गोष्ट तिनं कुणाला सांगितलेली नव्हती. तिला दिवस गेले होते. नऊ दिवसांपूर्वी कळलं होतं. वेंकटेशला सांगायचं ते त्या परसात नाही, त्या जाळ्याच्या सावलीत तर नाहीच, असं तिनं ठरवलं होतं. आधी ते उतरवायचं. मग सांगायचं.

जाळीची गुंडाळी काखेत घेऊन ती घरी पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. शेतांतला उडीद काढून झाला होता; जमीन भेगाळून उघडी पडली होती. वारा नव्हता. शेजारची सुब्बलक्ष्मी ओसरीवर लवंडली होती. बाकी गावात माणसाचा आवाज नव्हता.

मधुमितानं स्टूल घेतलं, कात्री घेतली आणि जाळं उतरवायला लागली. एरवी कापडाच्या चिंध्या त्या, कात्रीनं सहज तुटायला हव्यात. पण गाठी तुटेनात. शेवटी तिनं बांबूला बांधलेल्या कडाच कापल्या आणि सगळं जाळं ओढून खाली पाडलं. ते अंगावर पडलं तेव्हा तिला हळदीचा वास आला. न्हाऊन आलेल्या बाईच्या ओल्या केसांचाही.

तिनं ते विहिरीमागे नेलं, रॉकेल ओतलं आणि काडी लावली. कापड जळताना जसा धूर होतो तसा झाला नाही. काळा, जड धूर जमिनीलगत सरपटत गेला. कोंबड्या एका भिंतीला चिकटून उभ्या होत्या. एकही ओरडली नाही.

मग तिनं नवी जाळी वरून पसरली, तिन्ही बाजू तारेनं बांधल्या. चौथी बाजू आतून बांधावी लागणार होती. खुराडं तसं ऐसपैस. कंबरेइतकी विटांची भिंत, वर बांबू. वाकून आत जाता यायचं. ती आत गेली. पाठीमागे दार आपोआप टेकलं. कडी पडल्याचा आवाज आला.

तिनं दार ढकललं. उघडेना. बाहेरच्या बाजूची कडी, पडते कधीकधी. "सुब्बलक्ष्मी!" तिनं हाक मारली. तिला स्वतःचाच आवाज बसल्यासारखा वाटला.

तेवढ्यात जमिनीवरून एक सावली गेली. पंख पसरलेली, मोठी. कोंबड्यांनी माना आत घेतल्या. मधुमितानं वर बघितलं. आभाळ पांढरं, कोरडं आणि रिकामं होतं. घार नव्हती. सावली मात्र फिरत होती. खुराड्याच्या भोवती एक फेरी. दुसरी फेरी. प्रत्येक फेरीला थोडी आत. भिंतीवरून उतरली, कोंबड्यांच्या अंगावरून गेली, आणि मधुमिताच्या पायांपाशी येऊन थांबली. तिथं ती हळूहळू तिच्या साडीवरून वर चढायला लागली. पोटापर्यंत. जिथं जिथं चढली तिथं तिथं अंग गार पडत गेलं.

मधुमितानं दोन्ही हात पोटावर धरले.

आणि विहिरीच्या बाजूनं आवाज आला.

"ती... ती... ती..."

हलका, सवयीचा आवाज. हातातलं काम चालू ठेवून बाई हाक मारते तसा. कोंबड्या एकदम सैल झाल्या. भिंत सोडून त्या मधुमिताच्या भोवती येऊन बसल्या. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या पायांना त्यांची पिसं लागली.

डोक्यावर सळसळ झाली. जाळीची सुटी कड उचलली गेली. तिथं हात दिसत नव्हता, काहीच दिसत नव्हतं; पण नायलॉनची दोरी बांबूखालून गेली, वळली, स्वतःतून निघाली आणि घट्ट ओढली गेली. टोक आत वळलं. मग पुढची. मग त्याच्या पुढची. घाई नव्हती. हळदीचा वास दाटून आला. प्रत्येक गाठीबरोबर जाळी जराशी खाली येत होती आणि ती सावली साडीवरून बोटबोट उतरत होती.

"मी..." मधुमिता म्हणाली. "मी तुझं काही घेतलं नाही..."

सळसळ थांबली.

खूप जवळून, जाळीला तोंड लावून कुणी बोलावं तसं, कुणीतरी विचारलं, "दोघंही आत आहात ना...?"

मधुमितानं डोळे मिटून घेतले. पुढे किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. गाठी पडत राहिल्याचं तेवढं ऐकू येत होतं.

धूर बघून सुब्बलक्ष्मीनं दुकानात फोन केला होता. वेंकटेश आला तेव्हा उन्हं कलली होती. खुराड्याची कडी उघडीच होती, पण दार उघडत नव्हतं. दाराच्या फटीवरून, चारी बाजूंनी, हिरव्या नायलॉनच्या गाठी बसल्या होत्या. आत मधुमिता पाय पोटाशी घेऊन बसलेली, भोवती कोंबड्या, आणि मांडीवर एक पिल्लू झोपलेलं. वेंकटेशनं खिशातली शिवणाची कात्री काढली आणि दाराजवळची एकेक दोरी कापली. तिला बाहेर काढून त्यानं ओसरीवर बसवलं, पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "मी जाळलं ते. भोकंही मीच पाडली. तुम्ही रोज तिच्या गाठींवर हात फिरवत उभे राहायचात... मला सहन झालं नाही."

"हात फिरवत?" वेंकटेश म्हणाला. "मधु, ती गेली तेव्हा जाळं अर्धंच झालं होतं."

"म्हणजे?"

"अर्धं खुराडं उघडं होतं. उरलेलं कुणी विणलं?" त्याचा आवाज खाली गेला. "रोज सकाळी थोडं वाढलेलं असायचं. मी बघायला जायचो... आज किती वाढलं, कुठवर आलं. खुराडं पुरं झालं, तेव्हा वाटलं आता थांबेल. मग विहिरीकडच्या बाजूनं एक कड लोंबायला लागली. घराच्या दिशेनं. एकदा कात्री लावली मी. त्याच दुपारी मशीनची सुई या बोटातून आरपार गेली."

त्यानं बोट दाखवलं. नखाच्या मधोमध बारीक काळा ठिपका होता.

"आणि मला कशाला आणलंत इथं?" तिनं विचारलं.

तो नखावरचा ठिपका अंगठ्यानं चोळू लागला.

"सांगा."

"गोदाक्का म्हणाली... घरात बाई आली की तुळसी निवेल. तिचा मान होईल, ती जाईल."

मधुमिता हसली की काय झालं कुणास ठाऊक. सुब्बलक्ष्मी दारात आली होती, तिला मात्र ते हसणं पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. अकरा महिने मधुमितानं ज्या नजरेचा हेवा केला ती प्रेमाची नव्हती, भीतीची होती. आणि ही स्वतः? ही या घरात बायको म्हणून आलेली नव्हती, उतारा म्हणून आली होती.

"मला दिवस गेलेत," ती म्हणाली. "तिला कळलंय. तुमच्या आधी."

त्याच संध्याकाळी त्यांनी घर सोडलं. कोंबड्या सुब्बलक्ष्मीला देऊन टाकल्या. नेताना एकीनंही कुरकुर केली नाही. वेंकटेशनं कुंभकोणमला, महामहम तळ्याजवळच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मधुमिता त्याच्याबरोबर राहिली. जायला दुसरी जागा नव्हती म्हणा, किंवा त्या रात्री टाउन बसमध्ये त्यानं पहिल्यांदा तिचा हात हातात घेतला आणि उतरेपर्यंत सोडला नाही म्हणून म्हणा.

कार्तिक लागता लागता तिला मुलगी झाली. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची, बघणाऱ्यानं बघतच राहावं अशी. काही विपरीत घडलं नाही. बाळंतपण सुखरूप झालं, गोदाक्का येऊन महिनाभर राहून गेली, दुकान चांगलं चालू लागलं. भिंती पांढऱ्या, खाली सतत वर्दळ, मागे परस नाही, शेत नाही. हळूहळू मधुमिताला रात्री झोप लागू लागली.

पोरगी चार महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. रविवार होता. वेंकटेश दुकानात निघाला होता आणि निघता निघता पाळण्यापाशी थबकला. वाकून लेकीकडे बघत राहिला. तिनं त्याचं बोट मुठीत धरलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मधुमिता हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहिली. ते भय नव्हतं. हे तेच होतं, ज्याच्यासाठी ती झुरली होती. तो कधी गेला, जिना कधी उतरला, तिला समजलं नाही. ती पाळण्याजवळ आली. पोरीनं तिच्याकडे बघून हसून दाखवलं. मधुमिता हसली नाही. तिच्या मनात तोच जुना, ओळखीचा हेवा उठला, आणि ती त्या चिमुकल्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. बराच वेळ.

मग तिची तिलाच लाज वाटली. तिनं मान फिरवली, बाहेरून दाराला कुलूप लावलं आणि वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. पाच मिनिटं लागली असतील. ऊन चांगलं होतं. खालून भाजीवाल्याची हाक येत होती.

ती परत आली. कुलूप काढलं. पोरगी पाळण्यात तशीच होती, जागी, खुशीत. तोंड पुसलेलं. दुपटं अंगाखाली नीट सारखं केलेलं.

तिच्या डाव्या गालावर तीट लावलेली होती. काळीभोर, गोल, दृष्ट लागू नये म्हणून लावतात तशी.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला काजळ नको म्हणून बजावलं होतं. त्या घरात काजळाची डबी कधी आलीच नव्हती.

मधुमितानं हात पुढे केला आणि बोटाच्या टोकानं ती तीट हळूच टिपून बघितली. काजळ अजून ओलं होतं.